एल्डन प्रुइटचे पट्टे

विनेमका या वाळवंटी गावात एल्डन प्रुइटच्या मुलीचं लग्न लागलं, त्या दिवसाची गोष्ट लोक अजून सांगतात. पाद्रीबुवांनी शेवटचं वाक्य म्हटलं, अंगठ्या झाल्या, आणि चर्चमध्ये अशी शांतता पसरली की एखाद्या नटानं तेवढ्यासाठी आयुष्य ओवाळून टाकावं. त्या शांततेत पहिल्या बाकावरून वधूपिता उठला, जावयाच्या खांद्यावर सणसणीत दोन थापा मारल्या आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाला, "हा आता कुठं जात नाही."

चर्चमध्ये हशाचा स्फोट झाला. नेडीननं, म्हणजे एल्डनच्या बायकोनं, प्रार्थनेचं पुस्तक उघडून त्यात तोंड खुपसलं. जावई मात्र खरोखरच कुठं गेला नाही. अजून आहे. एल्डन त्याचं सगळं श्रेय त्या दोन थापांना देतो.

त्या मुलखात सामान बांधणाऱ्याचा हा रिवाजच आहे. ट्रकवर गवताचे भारे असोत, जुना सोफा असो की मोटरसायकल असो. शेवटचा पट्टा आवळला की त्यावर दोन थापा मारायच्या आणि हे वाक्य म्हणायचं. ते म्हटल्याशिवाय गाडी हलवायची नाही. आणि ज्यानं बांधलं त्यानंच म्हणायचं. उसनं वाक्य चालत नाही. बाकीची मंडळी हे अर्धं गमतीत म्हणतात. एल्डन गमतीत म्हणत नसे. पूजेच्या शेवटी भटजी ज्या चेहऱ्यानं अक्षता टाकतो, त्या चेहऱ्यानं तो म्हणत असे.

जन्मभर त्यानं काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे, कच्चे रस्ते सपाट करणारं यंत्र चालवलं. रस्ते सपाट करता करता त्याला एकच ज्ञान झालं, की रस्ता कधी सपाट नसतो. वरून गुळगुळीत दिसतो आणि आतून दात काढून बसलेला असतो. म्हणून निवृत्त झाल्यावर त्यानं तो लांबलचक ट्रेलर घेतला, पुढे घर आणि मागे गॅरेज असलेला, आणि त्यात मोटरसायकली अशा बांधू लागला की जणू त्या रात्रीतून पळून जाणार होत्या.

पुढचं चाक लोखंडी चापात घट्ट बसवायचं. हँडलला कापडी फास घालायचा, म्हणजे आकड्यानं रंग खरवडत नाही. मग त्या फासातून पट्टे पुढे आणि बाजूला ताणून जमिनीतल्या कड्यांना अडकवायचे, आणि खटका ओढत ओढत पुढचे शॉकअप दबेपर्यंत आवळायचे. इथपर्यंत सगळं जग एल्डनसारखंच बांधतं. पण जिथे जग थांबतं तिथे एल्डन सुरू होतो. मागच्या चाकाला पट्टे. सीटवरून एक आडवा. फुटरेस्टला एकेक. आणि मग एका मोटरसायकलपासून दुसरीपर्यंत एक, "त्यांनी एकमेकींना धरून राहावं म्हणून." दरवर्षी मंडळी वाळवंटातल्या एका कोरड्या तळ्यावर मोटरसायकली घेऊन जमत; तिथे पोचल्यावर सगळे लोक वाळूत धूळ उडवायला निघून जात, आणि एल्डन जेवणाच्या वेळेपर्यंत सोडवत बसलेला असे.

"एल्डन, त्या गाड्या आहेत की कैदी?" वेंडल विचारी. वेंडल हा शेजारी, न्हावी, आणि एल्डनचा जन्माचा मित्र. त्याच्या छोट्या ट्रेलरला गॅरेज नव्हतं, म्हणून त्याची गाडीही एल्डनच्याच ट्रेलरमधून जाई.

"माझ्या ट्रेलरमध्ये आजवर एक गाडी पडलेली नाही," एल्डन म्हणे.

"पडायला जागा कुठे ठेवलीस? तिला साधं शिंकायचं म्हटलं तरी तीन पट्टे सोडावे लागतील."

पण तळ्यावर जमणारा प्रत्येक माणूस परतीच्या दिवशी गुपचूप एल्डनला हाक मारी. "जरा हात लावून जा रे आमच्या गाडीला." मग एल्डन ट्रेलर ट्रेलर फिरे, पट्टे बोटानं वाजवून बघे, तंबोऱ्याच्या तारा जुळवाव्यात तसा कान देऊन, आणि निकाल देई. तो दिवस त्याचा असे. त्या दिवशी त्याची चालसुद्धा बदले.

नेडीनला हे सगळं पाठ होतं. ती त्याची टिंगल करायची, पण तो लोकांच्या ट्रेलरमधून फिरत असताना खिडकीतून बघत राहायची. स्वतःची अशी मात्र ती एकच तक्रार करी, आणि ती दरवर्षी न चुकता करी: गाद्यांना पेट्रोलचा वास येतो. "लोक बायकोला समुद्रावर नेतात," ती म्हणे. "मला गॅरेजमध्ये झोपायला नेतात." त्यामुळे एल्डनची पक्की समजूत होती की ही बाई बिचारी केवळ माझ्यासाठी वाळवंटात येते.

ते खोटं होतं, पण नेडीननं ते कधी दुरुस्त केलं नव्हतं. तळ्यावर सगळे झोपलेले असताना ती तिची छोटी निळी मोटरसायकल काढी आणि त्या कोरड्या तळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाई, जिथून ट्रेलर काडेपेटीएवढे दिसत. तिथे इंजिन बंद करून बसे. बस. करायचं काही नसे. गावात चर्चचा केक होता, बहिणीचे गुडघे होते, नातवंडांचे मोजे होते. तिथे कुणी नव्हतं. मग परत येऊन ती कॉफी ठेवी आणि पेट्रोलच्या वासाबद्दल बोले.

त्या वर्षी शरद ऋतूत एल्डनचा खांदा निखळला. इतकी वर्षं मोटरसायकलवरून पडूनही ज्याचं एक हाड हललं नव्हतं, तो माणूस वरच्या फडताळातलं वॅफलचं यंत्र काढताना जायबंदी झाला. ही बातमी वेंडलनं दुकानात येणाऱ्या प्रत्येक डोक्याला सांगितली, आणि विनेमकात डोकी सगळ्यांनाच आहेत.

डॉक्टरनं हात गळ्यात अडकवला आणि बजावलं, वसंतापर्यंत काही ओढायचं नाही.

एल्डन घरी आला, स्वयंपाकघरात बसला आणि म्हणाला, "ट्रेलर विकून टाकू."

नेडीन बटाटे सोलत होती. सुरी थांबली. "खांदा दुखतोय म्हणून?"

"ज्याला स्वतःची गाडी बांधता येत नाही, त्यानं ती नेऊ नये."

"वसंतात बरा होईल हात."

"सत्तरीचे हात बरे होत नाहीत, नेडीन. फक्त गप्प बसतात. आणि मी तुझाही विचार करतोय. सुटलीस तू त्या वासातून."

नेडीनच्या डोळ्यांसमोर ते लांब पांढरं तळं आलं, आणि जणू त्या तळ्यावरच 'विकणे आहे' अशी पाटी. पण इतकी वर्षं केलेली तक्रार अशी एका वाक्यात कशी मागे घेणार? तिनं बटाटा पाण्यात टाकला.

"मी बांधते," ती म्हणाली.

"काय?"

"मोटरसायकली. मी बांधते या खेपेला."

एल्डन हसला. हसताना खांदा दुखला, म्हणून थांबला. "तू?"

"इतकी वर्षं बघतेय. तुझ्यासारख्या वीस पट्ट्यांनी नाही, पण बांधते."

आता ज्या माणसाला रस्ता आतून ठाऊक आहे, तो इतक्या सहज 'हो' म्हणत नाही. बराच वेळ त्यानं टेबलावरचं मीठ इकडून तिकडे केलं. शेवटी म्हणाला, "ठीक. एक खेप. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला तळ्यावर जाऊ. पोचल्यावर एक जरी गाडी कलंडलेली दिसली, तर घरी येऊन पाटी लावायची. मग कुरकूर नाही."

"आणि नाही कलंडली तर?"

"तर नाही लावायची."

"दे हात."

त्यानं डावा हात दिला, कारण उजवा गळ्यात होता. नेडीनचा हात बटाट्यानं ओला होता. अशा रीतीनं करार झाला, आणि संध्याकाळपर्यंत तो वेंडललाही कळला.

निघायच्या दिवशी सकाळी ट्रेलरची मागची भिंत साखळीवर सरसरत खाली आली आणि तिची गाड्या चढवायची फळी झाली. आतला भाग उजेडात आला तो थेट पडदा वर गेल्यासारखा, आणि समोर घडीच्या खुर्चीत, पायांवर ब्लँकेट घेऊन, एल्डन प्रुइट दिग्दर्शक होऊन बसला. हातात माशा मारायचा झारा होता. त्यानं तो सूचना देण्यासाठी घेतला होता.

"आधी माझी. जड गाडी चाकांच्या पुढे, डावीकडे. मागे ठेवलीस तर ट्रेलर शेपूट हलवेल."

"ठाऊक आहे."

"साइड स्टँड वर घे, बांधून झाल्यावर."

"ठाऊक आहे, एल्डन."

"स्टँड खाली ठेवून बांधलं की खड्ड्यात गाडी त्याच्यावर बसते आणि जमीन फोडते."

"पंधरा लग्नांत सांगितलंस हे तू लोकांना. एका बारशातसुद्धा."

वेंडल आपली गाडी ढकलत आला. वर्षभर खपून त्यानं ती नव्यासारखी केली होती. लाल टाकी अशी चकाकत होती की तीत बघून गिऱ्हाइकाची दाढी करता आली असती. त्यानं नेडीनच्या हातात पट्टे बघितले आणि त्याचा चेहरा पडला.

"एल्डन, तू नाही बांधणार?"

"मला काय विचारतोस? दुकानभर सांगितलंस ना वॅफलचं."

"मग मी माझी गाडी मोटारीच्या मागच्या सीटवर घालून नेऊ का?"

"वेंडल," नेडीन फळीवरून म्हणाली, "तुझे केस मीच कापते असं समज, आणि गप्प उभा राहा."

वेंडलनं आपल्या टकलावरून हात फिरवला आणि गप्प उभा राहिला.

नेडीननं चाक चापात बसवलं, फास घातले, पट्टे कड्यांना लावले. खटका ओढायची वेळ आली तेव्हा एल्डन खुर्चीतून अर्धा उठला. "तुझ्या हातांनी शॉकअप दबणार नाहीत, अंगात जोर लागतो त्याला..." नेडीननं उत्तर दिलं नाही. ती सरळ गाडीवर चढून बसली. तिच्या वजनानं गाडीचं नाक खाली गेलं, आणि तिनं बसल्या बसल्या डावीकडचा पट्टा ओढला, मग उजवीकडचा. कट कट कट. खाली उतरली. गाडीचं नाक खालीच राहिलं.

"आजवर खाल्लेली डोनट्स वाया गेली नाहीत म्हणायची," ती म्हणाली.

वेंडलला हसू आवरेना. एल्डननं झारा गुडघ्यावर ठेवला. "अजून आवळ."

"नाही."

"अजून चार खटके."

"गेल्या वर्षी इतकं आवळलंस की वेंडलच्या शॉकअपचं तेल गळायला लागलं."

एल्डननं वेंडलकडे बघितलं. "गळत होतं?"

वेंडल बुटाकडे बघत म्हणाला, "तुला बोलणार नव्हतो मी. तू इतकं प्रेमानं बांधलं होतंस."

नेडीननं पुढे दोन, मागे दोन, असे पट्टे लावले आणि तिन्ही गाड्या बांधून उभ्या केल्या. एल्डनचे उरलेले पट्टे पेटीत गुंडाळून पडले होते, कामावरून काढून टाकलेल्या माणसांसारखे. तो त्यांच्याकडे बघत राहिला. हातानं ओढून बघता येत नाही म्हणून त्यानं प्रत्येक पट्टा झाऱ्यानं ठोकून पाहिला. त्याला काही सापडलं नाही, आणि काही सापडलं नाही याचंच त्याला जास्त वाईट वाटलं.

"आता तू घराचं बघ," नेडीन म्हणाली. "मी तुझं काम केलं, तू माझं कर. कपाटांच्या खिट्ट्या, नळ, छताची खिडकी. आणि फ्रिजचं दार अडकवणारा पितळी खिळा खाली पाड, विसरू नकोस."

"घर काय, दारं तर लावायची," एल्डन म्हणाला आणि आत गेला. आत गेला, पण घर आणि गॅरेज यांच्यामधलं दार उघडं ठेवून गेला. नेडीन बाहेर फळी वर करायची तयारी करत होती आणि तिला दिसत होतं, की नवऱ्याचं डोकं दर मिनिटाला त्या दारातून बाहेर येतंय, पट्ट्यांकडे बघतंय आणि आत जातंय. प्रॉम्प्टर विंगेतून डोकावतो तसं.

सगळं झालं. तिघं ट्रेलरमागे उभे राहिले.

"म्हण ना," एल्डन म्हणाला.

"काय?"

"तुला माहीत आहे काय."

"मी पट्ट्यांशी बोलत नाही, एल्डन. तू म्हण."

"मी बांधलेलं नाही. मी कसं म्हणू?"

"मग वेंडल म्हणेल."

वेंडल दोन पावलं मागे सरकला. "माझं तोंड फार अपशकुनी आहे. मी केस दाट आहेत म्हटलं की गिऱ्हाइकाचे गळायला लागतात."

"मग बिनबोलताच जाऊ," नेडीन म्हणाली. फळी वर चढली, खिट्ट्या बसल्या, आणि विनेमकाच्या इतिहासात बहुधा पहिल्यांदाच प्रुइटांचा ट्रेलर ते वाक्य न म्हणता रस्त्याला लागला.

पिकअप नेडीन चालवत होती. मागून वेंडल आपली मोटार आणि छोटा ट्रेलर घेऊन येत होता. एल्डन शेजारी बसून आरशात ट्रेलर बघत होता. ट्रेलरच्या भिंतीतून आतलं काही दिसत नाही, तरीही बघत होता.

थोड्या वेळानं म्हणाला, "मला जरा जावं लागेल."

नेडीननं गाडी थांबवली. तो उतरला, झुडपाकडे न जाता ट्रेलरच्या बाजूच्या दारातून गॅरेजमध्ये गेला, आला आणि बसला.

"मोकळं झालं?" तिनं विचारलं.

"हं."

पुढे पेट्रोल पंपावर त्याला पुन्हा जावं लागलं. मग बर्गरच्या दुकानापाशी. मग जिथे काहीच नव्हतं तिथे. मागून वेंडल खिडकीतून ओरडला, "एल्डन, डॉक्टरनं खांद्याचं औषध दिलं की मूत्रपिंडाचं?"

"पट्टे कसे आहेत?" नेडीननं अखेर विचारलं.

"आहेत," एल्डन तोंड वाकडं करून म्हणाला. मग थांबून, "पण कुणी म्हटलेलं नाही."

"तुला वाटतं वाक्यानं गाडी उभी राहते?"

"नाही. वाक्यानं माणूस उभा राहतो. एकदा म्हटलं की माझं काम संपतं, मग मी कॉफी पिऊ शकतो. आता माझ्या घशाखाली कॉफी जात नाही."

नेडीननं त्याच्याकडे बघितलं. इतकी वर्षं टिंगल करूनही हे तिला ठाऊक नव्हतं.

डांबरी रस्ता संपला आणि तळ्याकडे जाणारा कच्चा रस्ता लागला. वाळूत घडवलेल्या पन्हळी पत्र्यासारखा. पिकअपचे दात वाजायला लागले.

"बघ, बघ काय करून ठेवलंय," एल्डन करवादला. "माझ्या हातात यंत्र असतं तर..."

तेवढ्यात मागून आवाज आला. धाड.

पुन्हा, धाड. आणि मग काहीतरी जड, गोल, घरंगळत गेल्यासारखं, आणि पुन्हा धाड.

"थांब," एल्डन म्हणाला.

"इथे मऊ वाळू आहे. थांबले तर चाकं रुततील आणि आपण इथेच नाताळ करू. तळ्याच्या टणक जमिनीवर पोचल्याशिवाय थांबणार नाही."

"नेडीन, गाडी पडली."

"पडली असेल."

"वेंडलची असेल. ती लाल टाकी..."

"एल्डन, मला चालवू दे."

तिचा आवाज फाटला. एल्डननं मान वळवली. नेडीन रस्त्याकडे बघत होती.

"अगं, ठीक आहे," तो गोंधळून म्हणाला. "विकून टाकू. तुला तरी कुठे आवडतं इथे यायला? तू माझ्यासाठी येतेस..."

"तुझ्यासाठी?" नेडीन म्हणाली. "पेट्रोलच्या वासात, पन्हळी रस्त्यानं हाडं खिळखिळी करत, तुझ्यासाठी? एवढी मी तुझ्या प्रेमात नाहीये, एल्डन प्रुइट. मी त्या तळ्यासाठी येते. सकाळी पलीकडच्या टोकाला जाऊन बसायला. तिथे माझ्याकडे कुणी काही मागत नाही."

धाड, मागून आवाज आला.

एल्डननं आरशावरची नजर काढली. "रोज जातेस?"

"रोज."

"मला वाटायचं, तू बेकन आणायला लुॲनच्या ट्रेलरमध्ये जातेस."

"इतक्या वर्षांत किती बेकन खाल्लंस तू?"

त्यानं आठवायचा प्रयत्न केला. एकही तुकडा आठवला नाही.

तळं आलं. पांढरं, सपाट, डोळ्यांत न मावणारं. नेहमीच्या जागी नेहमीचे ट्रेलर अर्धवर्तुळात उभे होते, आणि प्रुइटांना बघून मंडळी खुर्च्यांतून उठून चालत आली. प्रुइटांचा ट्रेलर उघडणं हा तिथला दरवर्षीचा पहिला खेळ. एल्डन किती पट्टे लावून आलाय ते मोजायचं आणि खिदळायचं. पुढे होती लुॲन, जाडजूड आवाजाची, निवृत्त शाळामास्तरीण.

"जाळं विणणारे कोळी महाराज आले!" ती ओरडली. मग तिला एल्डनचा गळ्यातला हात दिसला. "हे काय? कुणी मारलं?"

"वॅफलनं," मागून वेंडल म्हणाला.

कुणाच्या तरी लक्षात आलं की पट्टे नेडीननं बांधलेत, आणि हशा एकदम शांत झाला. सगळे त्या मागच्या भिंतीकडे बघत उभे राहिले. नेडीननं खिट्ट्या काढल्या. भिंत हळूहळू खाली आली.

तिन्ही मोटरसायकली उभ्या होत्या. सरळ, सारख्या, नाक खाली घालून, तबेल्यात वैरण खाणाऱ्या घोड्यांसारख्या. लाल टाकीवर एक ओरखडा नव्हता.

नेडीननं हातानं तोंड झाकलं. वेंडल फळीवर चढून आपल्या टाकीला हात लावून आला. कुणीतरी टाळी वाजवली. आणि लुॲन किंचाळली, "रक्त!"

घराच्या दाराखालून एक लाल ओघळ येत होता. गाड्यांच्या चाकांमधून वाट काढत तो फळीपर्यंत आला आणि पांढऱ्या जमिनीवर ठिबकू लागला.

एल्डननं झटकन मधलं दार उघडलं. आत घर नव्हतं. घराचा दंगलीनंतरचा पंचनामा होता. फ्रिजचं दार सताड उघडं. व्हिनेगरमध्ये मुरलेल्या बीटच्या बरण्या फुटून जमीन लाल झालेली. भोपळ्याची गोड पेस्ट्री नेडीनच्या उशीवर तोंडावर पडलेली. क्रॅनबेरीची चटणी खिडकीवर. आणि टेबलाखाली, पाय वर करून, सबंध टर्की, जो फ्रिजचं दार प्रत्येक खड्ड्याला ढकलून ढकलून शेवटी घरंगळत मोकळा झाला होता.

पितळी खिळा वरच होता. एल्डन त्याच्याकडे बघत राहिला.

मागून वेंडलचं डोकं आत आलं. त्यानं सगळं नीट बघून घेतलं. एवढं पुढच्या सहा महिन्यांच्या गिऱ्हाइकांना पुरणार होतं. "कराराचं काय मग?" त्यानं विचारलं. "काहीतरी पडलंय खरं."

सगळे थांबले. नेडीन फळीवर उभी होती. हा प्रवेश तिचा नव्हता, एल्डनचा होता, आणि तिला ते कळत होतं.

एल्डनला आता काहीही म्हणता आलं असतं. रस्त्याला शिव्या देता आल्या असत्या, फ्रिजच्या कंपनीला देता आल्या असत्या. त्याऐवजी तो बिटाच्या पाण्यातून चालत गॅरेजमध्ये आला, तिन्ही गाड्यांच्या पट्ट्यांवरून एकदा बोट फिरवलं आणि लोकांकडे तोंड करून म्हणाला, "करार मोटरसायकलींचा होता. त्या तिनं बांधल्या. घर माझ्याकडे होतं." मग नेडीनकडे वळून, जरा हळू, "पाटी नाही लावायची."

"कसली पाटी?" लुॲन म्हणाली.

"तू फडकं आण," नेडीन म्हणाली, आणि पदर नसल्यामुळे बाहीनं डोळे पुसले. "कसली पाटी म्हणे."

टर्की धुतला, उघड्यावर तेलात तळला, आणि सगळ्यांनी मान्य केलं की प्रवास केलेल्या पक्ष्याला वेगळीच चव असते. पेस्ट्रीचा उरलेला भाग चमच्यानं खाल्ला. एल्डननं एका हातानं जमीन पुसली, आणि ट्रेलर रस्त्यावर असेपर्यंत त्याच्या फटींत बीटचा रंग राहणार हे सगळ्यांना कळून चुकलं. रोज सकाळी निळ्या मोटरसायकलचा आवाज दूर गेला की तो कूस बदलून झोपून राही. बेकनबद्दल त्यानं विचारलं नाही.

परतीचा दिवस आला. ट्रेलरच्या फळ्या खाली पडल्या, लोक गाड्या चढवू लागले. लुॲन हातात पट्टा घेऊन आली आणि एल्डन-नेडीनच्या मध्ये येऊन थबकली. तिला एल्डनचा वर्षातला तो एक दिवस ठाऊक होता, आणि तिला कुणाकडे बघावं कळेना.

"ते... आमची गाडी जरा..."

एल्डननं हात पुसले.

"तिला विचार," तो म्हणाला. "ती गाडीवर बसून आवळते. माझ्यापेक्षा कमी पट्ट्यांत. आणि तेल गळत नाही. मला वेळ नाही. मी घर बघतोय."

मग नेडीन ट्रेलर ट्रेलर फिरली. लोकांच्या गाड्यांवर बसली, पट्टे ओढले, दोघांना ओरडली आणि एकाला स्टँड वर घ्यायला लावला. तिची चाल बदललेली आहे हे तिच्या लक्षात आलं नाही, पण वेंडलच्या आलं, आणि तो काही बोलला नाही, हे वेंडलच्या आयुष्यातलं दुर्मिळ मौन.

दमून परत आली तेव्हा तिला कॉफी हवी होती. ती घरात शिरली आणि दारातच थांबली.

फ्रिजवरून दोन पट्टे गेले होते, आडवा आणि उभा. कपाटांच्या मुठी एकमेकींना बांधल्या होत्या. किटली चुलीला, चूल भिंतीला. पेटीत कामावरून निघालेले एल्डनचे सगळे पट्टे पुन्हा कामावर रुजू झाले होते. मधोमध एल्डन गुडघ्यावर बसून मिरपुडीच्या डबीला कापडी फास घालत होता.

"एल्डन, मला एक कप कॉफी हवी आहे."

"आता?" त्यानं वर बघितलं. "कप आतल्या कपाटात आहेत. सगळं सोडवावं लागेल."

"मग सोड."

"विनेमकाला पोचल्यावर पी."

ती बाहेर येऊन फळीवर बसली. वेंडल आपल्या मोटारीत बसून हॉर्न वाजवत होता, आणि बाकीच्यांची इंजिनं सुरू झाली होती.

"एल्डन! निघायचं का?"

"दम धर!" आतून आवाज आला. "चमचे राहिलेत!"